पत्र क्रमांक ९८,७२१

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवणाऱ्या चार्ल्स लटविज डॉजसन यांनी १ जानेवारी १८६१ रोजी एक नोंदवही उघडली. पत्र आलेले असो वा धाडलेले, त्याला क्रमांक द्यायचा, तारीख टाकायची आणि मजकुराचा गोषवारा लिहायचा. आपल्या कचेऱ्यांतल्या आवक-जावक रजिस्टराचाच हा घरगुती अवतार. सदतीस वर्षांनी वही थांबली तेव्हा शेवटचा आकडा होता ९८,७२१. म्हणजे दिवसाला सरासरी सात पत्रे. हेच डॉजसन 'लुईस कॅरल' या नावाने मुलांसाठी लिहीत, आणि फावल्या वेळात फोटो काढत. १८ मार्च १८५६ रोजी त्यांनी लंडनच्या ऑटविल यांच्याकडे पंधरा पौंडांचा कॅमेरा खरेदी केला होता. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून धुवायची. काच सुकली की मेहनत वाया. १८८० मध्ये त्यांनी हा नाद सोडला तोवर सुमारे तीन हजार काचा झाल्या होत्या. त्यांनाही क्रमांक होते आणि त्यांचीही वेगळी नोंदवही होती. शिवाय दैनंदिनीचे तेरा खंड. इतका शिस्तीचा दप्तरदार लेखकांत क्वचितच सापडेल.

१४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्डला बहिणींच्या घरी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले आणि दप्तराला वाटा फुटल्या. कॉलेजातल्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. कित्येक कागद जाळले गेले, आणि १० व ११ मे रोजी ऑक्सफर्डच्या हॉलीवेल म्युझिक रूममध्ये सामानाचा लिलाव झाला. यात कुणाचे वैर नव्हते. घर आवरताना आपणही हेच करतो. भाचे स्टुअर्ट कॉलिंगवुड यांनी दैनंदिन्या समोर ठेवून त्याच वर्षी मामांचे चरित्र छापले. त्यानंतर केव्हातरी पहिला, तिसरा, सहावा आणि सातवा असे चार खंड नाहीसे झाले. एप्रिल १८५८ ते मे १८६२ हा सलग काळ त्यात गेला. पत्रांची वही गेली, फोटोंचीही गेली.

उरलेल्या खंडांतही कात्री फिरलेली आहे. जून १८६३ च्या अखेरचे एक पान कापलेले आहे, आणि नेमक्या त्याच सुमारास लिडेल कुटुंबाशी, म्हणजे त्यांच्या गाजलेल्या गोष्टीची नायिका जिच्यावरून आली त्या ॲलिसच्या घराशी, डॉजसन यांचे बिनसले. या एका पानावर अभ्यासकांनी शेकडो पाने खर्ची घातली. १९९६ मध्ये अभ्यासक कॅरोलाइन लीच यांना डॉजसन घराण्याच्या कागदांत एक चिठ्ठी मिळाली. हे कागद आता वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये आहेत. कापलेल्या पानांत काय होते याची दोन ओळींची टिपणी तीत आहे, आणि ती एखाद्या पुतणीच्या हातची असावी. मुलांच्या आडून डॉजसन त्यांच्या गव्हर्नेसच्या मागे आहेत, किंवा ॲलिसच्या थोरल्या बहिणीच्या, इनाच्या, अशी कुजबुज असल्याचे ॲलिसच्या आईने त्यांच्या कानावर घातले, एवढाच तिचा आशय. म्हणजे पान कापले गेले, पण त्याचा गोषवारा घरानेच जपून ठेवला. अखेर गोषवाऱ्याची सवय घराण्यात मुरलेली होती! वाचलेले नऊ खंड १९६९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतले, आणि एडवर्ड वेकलिंग यांनी १९९३ ते २००७ या काळात ते दहा भागांत संपूर्ण प्रसिद्ध केले.

जे दुसऱ्याच्या हाती गेले होते त्याचे नशीब निराळे निघाले. ४ जुलै १८६२ च्या नौकाविहारात तीन लिडेल बहिणींना सांगितलेली गोष्ट डॉजसन यांनी नव्वद पानांत सुवाच्य अक्षरात लिहिली, स्वतः सदतीस चित्रे काढली आणि २६ नोव्हेंबर १८६४ रोजी ती वही ॲलिसला भेट दिली. ती ॲलिसपाशी चौसष्ट वर्षे राहिली. पतीच्या निधनानंतर वारसा कर भरायला पैसा हवा होता, म्हणून ३ एप्रिल १९२८ रोजी तिने सदबीजच्या लिलावात ती काढली. अमेरिकी व्यापारी रोझेनबाख यांनी १५,४०० पौंड मोजले आणि पुढे ती एल्ड्रिज जॉन्सन यांना विकली. जॉन्सन म्हणजे व्हिक्टर टॉकिंग मशीन या ग्रामोफोन कंपनीचे संस्थापक. भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा आपल्या आजोबांच्या तबकड्यांवर असे, तोच त्यांच्याही तबकड्यांवर होता. त्यांच्या पश्चात १९४६ मध्ये वही पुन्हा लिलावात आली. अमेरिकेतल्या काही दात्यांनी वर्गणी काढून ती पन्नास हजार डॉलरना घेतली, आणि हिटलरपुढे ब्रिटन टिकून राहिले याची कृतज्ञता म्हणून नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटिश म्युझियमला अर्पण केली.

फोटोंची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. १९४७ मध्ये छायाचित्रणाचे इतिहासकार हेल्मुट गर्न्सहाइम यांना लंडनच्या एका दुकानात कॅरल यांचा अल्बम सापडला, आणि दोन वर्षांनी त्यांच्या पुस्तकाने हा लेखक मोठा छायाचित्रकारही होता हे जगाला दाखवले. गर्न्सहाइम यांचा संग्रह आता टेक्सास विद्यापीठात आहे. अल्बमांचा दुसरा मोठा साठा प्रिन्स्टनला. सुमारे तीन हजारांपैकी हजारएक फोटो आज ठाऊक आहेत. नोंदवही हरवली तरी प्रतींवर मागे शाईने घातलेले क्रमांक शाबूत राहिले, आणि त्यांच्याच आधाराने वेकलिंग यांनी सगळा क्रम पुन्हा जुळवत आणला.

ॲलिसच्या वहीच्या शेवटच्या पानावर डॉजसन यांनी स्वतः काढलेला, सात वर्षांच्या ॲलिसचा लंबगोल फोटो चिकटवलेला होता. ऑक्सफर्ड, अमेरिका, पुन्हा लंडन, एवढ्या प्रवासात तो कुणी उचलून पाहिला नव्हता. १९७७ मध्ये अभ्यासक मॉर्टन कोहेन यांच्या शोधामुळे त्याखाली काय आहे ते कळले. तिथे डॉजसन यांनीच पेनाने रेखाटलेला ॲलिसचा चेहरा होता. तो मनासारखा उतरला नसावा, म्हणून चित्रकाराच्या मदतीला फोटोग्राफर धावून आला होता.