शेतकऱ्याने मोजलेला टिरोल

नकाशांच्या इतिहासात बहुधा राजे, सेनापती आणि सरकारी खाती यांचीच नावे पुढे येतात. आल्प्स पर्वतातील टिरोल प्रांताच्या पहिल्या तपशीलवार नकाशाची हकिकत मात्र एका शेतकऱ्यापासून सुरू होते.

पेटर आनिख याचा जन्म १७२३ साली इन्सब्रुकजवळच्या ओबरपेरफुस गावी झाला. शेती आणि लाकडाचे कातकाम हा घरचा धंदा. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो इन्सब्रुकला प्राध्यापक इग्नात्स वाइनहार्ट यांच्याकडे गेला आणि सुटीच्या दिवशी गणित व खगोल शिकू लागला. पुढे मोजणीची उपकरणेही तो स्वतः घडवू लागला.

१७६० मध्ये त्याच्यावर उत्तर टिरोलच्या मोजणीचे काम सोपवले गेले. जमिनीवर एक रेघ अचूक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून शिखर किंवा देवळाचा मनोरा हेरून कोन घ्यायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, ही त्याची रीत. त्यासाठी कडे चढणे आणि दऱ्या उतरणे भागच होते. दक्षिणेकडे आडिजे नदीच्या दलदलीत त्याला तापाने गाठले. १७६६ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो वारला. राहिलेले काम त्याच्याच गावच्या ब्लासिउस हुएबर या शेतकऱ्याने तडीस नेले. १७७४ मध्ये व्हिएन्नात हा नकाशा वीस पत्रांत छापला गेला. प्रमाण साधारण एकास १,०४,०००.

पुढे या नकाशाचे दोन उपयोग झाले. एक लष्करी : १८०८ मध्ये पॅरिसमध्ये त्याची लहान केलेली आवृत्ती निघाली. दुसरा उपयोग आनिखच्या ध्यानीमनीही नसावा. १९१९ च्या तहाने ब्रेनर खिंडीवर सीमा पडली आणि दक्षिण टिरोल इटलीत गेला. १९२३ मध्ये तेथे इटालियन गावनावे अधिकृत ठरली आणि जर्मन नावे सरकारी व्यवहारातून गेली. १९४६ च्या करारात दोन्ही भाषांतील नावांना मान्यता देण्याचे ठरले.

ब्रेनरच्या दोन्ही बाजूंना एकच प्रांत दाखवणारा आनिख-हुएबरांचा नकाशा मात्र तसाच आहे. सीमाभागात वाढलेल्या वाचकाला त्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. गावाच्या वेशीवरची पाटी बदलता येते. पण ते गाव पूर्वी कोणत्या नावाने ओळखले जाई, हे ठरवायला असा कागद हाताशी लागतो. टिरोलला तो दोन शेतकऱ्यांनी पायी फिरून करून दिला.