काशीचा चौक आणि वाहतुकीचे गणित

वाराणसीच्या गोदौलिया चौकात सकाळच्या वेळी क्षणभर उभे राहिले, तर वाहतुकीचे सारे नियम पोथीतच राहिले असावेत असे वाटते. दशाश्वमेध घाटाकडे निघालेले यात्रेकरू, सायकलरिक्षा, विजेवरच्या रिक्षा, मोटारसायकली आणि मध्येच निवांत उभी असलेली गाय, असा हा संमिश्र प्रवाह असतो. तरीही तो पुढे सरकतो. कुणी थांबायचे आणि कुणी घुसायचे, हे नजरेने व घंटीच्या आवाजाने ठरते. हा अलिखित करार शास्त्राला मोजता येईल काय?

आपल्या देशात रस्त्यांच्या शास्त्रीय विचाराचा आरंभ एका मराठी विद्वानाच्या नावाशी निगडित आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी व १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. १९४३ मध्ये नागपूर येथे वीस वर्षांची रस्ते योजना आखली गेली, आणि १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. प्रारंभीचा भर साहजिकच खडी, डांबर, माती आणि पैसा यांवर होता. पुढे संमिश्र वाहतुकीचे मोजमाप ठरले, तेव्हा मोटारगाडीला एक, सायकलीला अर्धा आणि बैलगाडीला आठ असे अंक मिळाले. बैलगाडी अशी हिशेबात आली. गाडीवानाचे मन मात्र हिशेबाबाहेरच राहिले.

त्या मनाचा शोध पाश्चात्त्य देशांत आधीच सुरू झाला होता. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात ट्रामचालकांचे अवधान प्रयोगशाळेतील उपकरणाने तपासण्याची पद्धत मांडली. १९३५ मध्ये ग्रीनशील्ड्स यांनी गाड्यांची दाटी वाढली की वेग कसा घटतो, याचे गणित दिले. १९५८ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधकांनी एकामागून एक धावणाऱ्या दोन मोटारी तारेने जोडल्या आणि पुढचा चालक वेग बदलताच मागचा कसा वागतो, याची नोंद घेतली. १९८५ मध्ये बर्लिन येथे डाइम्लर-बेन्झने मोठा सिम्युलेटर उभारला. चालक खऱ्या मोटारीत बसे आणि रस्ता पडद्यावर धावे.

परंतु यात एक उणीव राहत असे. पडद्यावरची इतर वाहने ठरवून दिल्याप्रमाणे चालणारी कळसूत्री बाहुली असत. बाहुली वाट देते ती सूत्रानुसार. माणूस वाट देतो ती समोरच्याचा अंदाज घेऊन. म्हणून अलीकडच्या काळात अनेक सिम्युलेटर एकमेकांना जोडण्याची पद्धत आली. दोन किंवा अधिक चालक वेगवेगळ्या कक्षांत बसतात. पण काल्पनिक रस्ता एकच असल्याने प्रत्येकाला दुसऱ्याचे वाहन समोर दिसते. भोवतालची उरलेली गर्दी संगणकातील गणिती प्रतिमान चालविते. कोण केव्हा थबकला, कोणी संधी साधली, याची नोंद होते. प्रसंग जिवावरचा असला तरी कुणाला ओरखडाही उठत नाही.

या साधनाला मर्यादा आहेत. पडद्यावरच्या अपघातात मरणाचे भय नसते, आणि भय नसलेला माणूस वेगळा वागतो. म्हणून कक्षातील निष्कर्ष रस्त्यावर पडताळून पाहावे लागतात. शिवाय एका आड एक शिस्तीने चालणाऱ्या मोटारींवर बेतलेले प्रतिमान गोदौलियाच्या चौकाला जसेच्या तसे लावले, तर गाय, सायकलरिक्षा व यात्रेकरू हे केवळ अडथळे ठरतात. वस्तुतः त्या रस्त्याचे मूळ वहिवाटदार तेच होत.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. काशीस मरण यावे, ही कित्येक पिढ्यांची इच्छा. परंतु ती गंगेच्या काठी, रस्त्याच्या कडेला नव्हे. एका चालकाला दुसऱ्याचे मन वेळेवर का कळले नाही, हे मोजू पाहणारे शास्त्र म्हणूनच क्षुल्लक नाही. जयकरांच्या काळी रस्ता बांधण्याचा प्रश्न होता. आता तो एकमेकांसह वापरण्याचा आहे.