ऐकणाऱ्याला फुकट

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं धानाचं गाव. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत होता. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट, अलीकडे मराठी, झाडीबोली, पोवारी आणि हिंदी अशा चार तऱ्हांनी बोलणारी माणसं. रोवणी आटोपून बांध्यांत पाणी उभं राहिलं की या पट्ट्यात चातुर्मासाची पोथी लागे. वाचणारा एक, अर्थ सांगणारा कधी तोच तर कधी दुसरा, आणि ऐकायला ओसरीभर माणसं. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तरी हरिविजयातला कोणता प्रसंग कोणत्या अध्यायात येतो हे त्यांना पक्कं ठाऊक असे.

मोबाइलवर अभिजात कादंबरी फुकट किंवा स्वस्तात कुठे ऐकायला मिळेल, असं शोधणारा आजचा तरुण याच ओसरीवरच्या श्रोत्याचा वारस आहे. ऐकणाऱ्याला तेव्हाही पैसे पडत नसत. मात्र वाचणाऱ्याच्या घशाची, वेळेची, तेलवातीची किंमत कोणीतरी मोजत होतं. ती कोण मोजत आलं, हे पाहत गेलं की बोलत्या पुस्तकांचा सगळा इतिहास हाती लागतो.

त्याची सुरुवात या जिल्ह्यापुरती तरी आमगावपासून करायला हवी. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं मांडलं. त्याच्या नाटकांचे प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत, म्हणजे ‘उत्तररामचरित’ जमलेल्या लोकांनी पाहायचं आणि ऐकायचं होतं. खर्च यात्रेचा, आस्वाद यात्रेकरूंचा.

पुढे तेराव्या शतकात याच भागाने मराठी गद्याच्या जन्माला हातभार लावला. चक्रधरस्वामींचे आरंभीचे शिष्य नीळभट्ट हे भंडाऱ्याचे, म्हणूनच भांडारेकार. स्वामींनंतर म्हाइंभटांनी माणसं गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ आधी कानांनी गोळा झाला आणि मग लेखणीने उतरला. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीचीही कथा तीच: ज्ञानदेव सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, असं परंपरा सांगते.

पोथीची खरी भरभराट मात्र श्रीधरस्वामी नाझरेकरांनी केली. हरिविजय 1702, रामविजय 1703, पांडवप्रताप 1712, शिवलीलामृत 1718. सोळा वर्षांत चार ग्रंथ, चारही ओवीत, चारही मोठ्याने वाचण्यासाठी रचलेले. श्रीधर वारंवार श्रोत्यांना उद्देशून बोलतात, कथा थांबवून त्यांचं लक्ष वेधून घेतात, मागचा धागा पुन्हा हाती देतात. एकट्याने डोळ्यांखालून घालणाऱ्या वाचकाला ही पुनरावृत्ती लांबण वाटेल. दिवसभर चिखलात राबून आलेल्या, मध्येच डुलकी लागणाऱ्या माणसाला तिचा आधार होता. ध्वनिपुस्तक कसं लिहावं, हे श्रीधरांना ध्वनिमुद्रणाच्या पावणेदोनशे वर्षं आधी कळलं होतं.

पोथी वाचणाऱ्याला शिधा मिळे, दक्षिणा मिळे आणि समाप्तीला धोतर-उपरणं. भागवत बसलं किंवा सप्ताह लागला तर घराघरातून धान्याची वर्गणी निघे. ज्याच्या घरी धान अधिक, त्याचा वाटा मोठा. ज्याच्याकडे काहीच नाही, तो सतरंज्या अंथरी आणि काल्याच्या दिवशी पंक्तीला बसे. एका गावाने एका आवाजाचा खर्च वाटून घ्यायचा, ही व्यवस्था इतकी जुनी आहे की तिला व्यवस्था म्हणावं असं कुणाला वाटलंही नाही.

याच मुलखात आवाजासाठी रोकडा पैसा मोजण्याची रीतही आहे, आणि ती विसरून चालणार नाही. धानाची मळणी झाली, दिवाळीतल्या भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागली की दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्यं रंगतात. पाठोपाठ झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागाची, नाटकं येतात. गडचिरोलीतल्या देसाईगंज-वडशाच्या कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर पालथे घालतात, प्रयोग रात्रभर चालतो आणि लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. खेड्यातला श्रोता फुकट्या असतो, अशी शहरी समजूत कुणाची असेल तर त्याने एकदा हा तिकीटबारीवरचा जमाव पाहावा. आवडीच्या आवाजासाठी हा माणूस खिशात हात घालतो. त्याच्यापर्यंत तो आवाज पोचायला मात्र हवा.

यंत्राने आवाज धरून ठेवण्याचं काम आपल्याकडे सुरुवातीला गाण्यासाठी झालं. बोलण्यासाठी ते पद्धतशीरपणे केलं सरकारने. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून 1913 ते 1929 या काळात भारतातल्या बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगायला लावली होती, जेणेकरून एकच मजकूर वेगवेगळ्या बोलींत तोलता यावा. या तबकड्या आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल संग्रहात कुणालाही ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसाचा आवाज विनामूल्य ऐकण्याची इतकी चांगली सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल.

मग रेडिओ आला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 साली सुरू झालं आणि विदर्भाला स्वतःचा आवाज मिळाला. 1 एप्रिल 1955च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात 56 गीतं. त्याआधी शतकानुशतकं रामकथा पोथीतून ऐकलेल्या घरांनी ती नव्या वाटेने पुन्हा ऐकली, आणि मधल्या आठवड्यात पुढच्या गीताची वाट पाहिली. मालिका ऐकण्याची सवय पोथीनेच लावलेली होती.

रेडिओही पूर्ण फुकट नव्हता. संच बाळगायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचं शुल्क भरावं लागे. 1980च्या दशकात ही पद्धत गेली. तोवर ज्यांच्याकडे परवाना नव्हता, ते पंचायतीच्या सामुदायिक संचापुढे किंवा शेजारच्या ओट्यावर बसत. एकाने शुल्क भरायचं आणि आळीने ऐकायचं: पोथीचा जुना हिशेब नव्या यंत्राला लागू झाला.

1955 हेच वर्ष ‘ग्रामगीते’चंही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी 41 अध्यायांत गावाचा संसार मांडला, आणि तो ओवीत मांडला, कारण तो गावात मोठ्याने वाचला जाणार होता. शेती, स्वच्छता, ग्रामरक्षण, व्यसन, लग्नातला खर्च अशा विषयांवर निबंध लिहिता आले असते. पण ज्यांच्यासाठी लिहायचं, ते ऐकणारे होते. पूर्व विदर्भातल्या गुरुदेव सेवा मंडळांनी ग्रामगीता सामुदायिक प्रार्थनेनंतर वाचून वाचून लोकांच्या तोंडी बसवली. विसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेलं पुस्तक अशा रीतीने पसरावं, हे भारतातल्या फार थोड्या आधुनिक ग्रंथांच्या वाट्याला आलं असेल.

कॅसेटने साहित्य विकत घेता येईल अशा आवाजात आणलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी व्यासपीठावर कथाकथन रुजवलं होतंच. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांचे आवाज घरोघर पोचवले. गावातल्या दुकानात कोरी कॅसेट देऊन हवं ते भरून मिळे, आणि पु. लं.चा अंतू बर्वा असा एका कॅसेटवरून दुसरीवर उतरत दूरच्या खेड्यांत गेला. कायद्याने ती चोरीच होती. लेखकाला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला त्यातून छदामही मिळाला नाही, आणि या व्यवसायाचं त्याने खरंखुरं नुकसान केलं. या सगळ्या इतिहासात खर्च कुणीच न उचलता ऐकलं गेलं, ते एवढ्याच काळात.

बोलकं पुस्तक ही मुळात अंधांसाठी निघालेली वस्तू आहे, हे आता विस्मरणात गेलंय. अमेरिकेत 1934 साली अंधांसाठी पुस्तकांच्या तबकड्या निघू लागल्या. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी ही संथ तबकडी गाण्याच्या बाजारात 1948 साली आली. अंध वाचक तिच्यावर आधीच कादंबऱ्या ऐकत होते. भारतात 1952 साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने, म्हणजे ‘नॅब’ने, स्वयंसेवकांच्या आवाजात पुस्तकं मुद्रित करण्याचं काम केलं. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सवलत आली. अंध वाचकांना पुस्तकं सुलभ करण्यासाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत 2014 साली पहिला देश ठरला. ऑगस्ट 2016मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालं. डोळ्यांनी छापील मजकूर वाचता न येणाऱ्या माणसाला तिथे नावनोंदणी करून पुस्तकं विनामूल्य मिळतात, आणि त्यात अजूनही कॉपीराइटखाली असलेली नवी पुस्तकंही असतात. गावात असा एखादा वाचक असेल तर त्याची नोंदणी करून देण्याइतकं उपयोगी काम दुसरं नाही.

बाकीच्यांसाठी दार वेगळं आहे. ऑगस्ट 2005मध्ये माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी ‘लिब्रिवॉक्स’ सुरू केलं. जगभरातले हौशी वाचक कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वतःच्या आवाजात वाचतात, आणि ती ध्वनिमुद्रणंही सर्वांसाठी मुक्त सोडतात. पहिलं पुस्तक होतं जोसेफ कॉनरॅडचं ‘द सीक्रेट एजंट’. डिकन्स, जेन ऑस्टिन, टॉलस्टॉयची इंग्रजी भाषांतरं असं सगळं तिथे आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर उतरवून घेता येतं. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि खेड्यातल्या मुलालाही हे भांडार परवडू लागलं. तिथली बहुतांश पुस्तकं मात्र इंग्रजी आहेत.

मराठीत काय मुक्त आहे, हे ओळखण्याची किल्ली लेखकाच्या मृत्युवर्षात आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांचे हक्क 1991अखेर संपत आले तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली, आणि त्या वाढीचा परिणाम मराठीवरही झाला. साने गुरुजी 1950 साली गेले. जुन्या नियमाने ‘श्यामची आई’ 2001च्या आरंभी मुक्त झाली असती, ती झाली 2011च्या आरंभी. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि 1935 साली प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक 42 रात्रींत विभागलेलं आहे. श्याम रोज रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. मोठ्याने वाचण्यासाठी यापेक्षा सोयीची रचना शोधून सापडणार नाही.

1919 साली गेलेले हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी कधीचेच मुक्त आहेत. 1936 साली गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं लेखनही. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’तला एक धागा तर दवनीवाड्याच्या जवळून जातो. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना अर्नेस्ट वॉर्ड हा मिशनरी भेटला आणि त्याने त्यांच्या हाती बायबल दिलं, ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. ती गाडी तिरोडा, गोंदिया, आमगाव अशीच जाते. मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र ज्या प्रवासाने वळण घेतं, तो या लोकांच्या रोजच्या लोहमार्गावर घडला.

ज्यांचे हक्क शिल्लक आहेत, त्यांच्यासाठी पैसे मोजणं रास्त आहे. स्वीडनची ‘स्टोरीटेल’ 2017 साली भारतात आली आणि मराठी कादंबऱ्या व्यावसायिक आवाजांत मिळू लागल्या. ‘ऑडिबल’ 2018 साली आलं, ‘कुकू एफएम’वरही मराठी आहे. मासिक वर्गणीपेक्षा वार्षिक वर्गणी साधारणपणे स्वस्त पडते, सणासुदीला सवलत निघते, सुरुवातीचे काही दिवस कधी मोफत असतात. एक सावधगिरी हवी: मजकूर मुक्त असला तरी त्याचं नवं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं. त्याला स्वतःची साठ वर्षांची मुदत असते, आणि भाषांतरकाराचा हक्कही निराळा मोजला जातो. म्हणून आपट्यांची कादंबरी कुणीही वाचून मुद्रित करू शकतो, पण दुसऱ्याने केलेलं मुद्रण उचलून स्वतःच्या वाहिनीवर टाकू शकत नाही.

इथेच मराठीची खरी उणीव आहे. हक्क संपलेले लेखक आहेत, स्वस्त यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, रात्रभर बसून ऐकणारा श्रोता आहे. नाहीत ती निगुतीने, पूर्ण आणि शुद्ध वाचलेली ध्वनिमुद्रणं. यूट्यूबवर अर्ध्यात सोडलेली वाचनं आणि यंत्राने म्हटलेले सपाट अध्याय पुष्कळ सापडतात. झाडीबोलीत तर हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी साहित्याची चळवळ उभी केली, संमेलनं भरवली, पण त्या बोलीचा मुद्रित आवाज अजून तुटपुंजा आहे. ज्या गावांत पोथी स्पष्ट, न अडखळता वाचणारी माणसं अजून हयात आहेत, तिथे शाळेने किंवा ग्रंथालयाने एका शांत खोलीत ती बसवावीत आणि फोनवर मुद्रण करावं. सप्ताहाला निघते त्याच्या अंशानेही वर्गणी निघाली, तरी हे काम होईल.

पुढच्या तारखा ठरलेल्या आहेत. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने ग्रामगीता 1 जानेवारी 2029 रोजी मुक्त होते. आचार्य अत्रे त्याच्या पुढच्या वर्षी. ‘गीतरामायणा’च्या शब्दांना 2038पर्यंत थांबावं लागेल, आणि पु. लं.ना 2061पर्यंत.