वेबसाइट कोणाला दाखवावी? एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

खालापूर तालुक्यातले चौक जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. द्रुतगती मार्गावरून तेथे उतरता येते, पनवेल-कर्जत लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, मोरबे धरण जवळ आहे. जागा इतकी मोक्याची असूनही तेथल्या फार्महाउसवाल्याचे गिऱ्हाईक आता रस्त्याकडेची पाटी वाचून वळत नाही. ते गुरुवारी रात्री ठाण्यात नाहीतर चिंचवडात जेवण उरकून मोबाइल चाळते, चार ठिकाणांचे फोटो बघते आणि एकाला फोन लावते. उरलेल्या तिघांना आपल्याकडे कोणी डोकावून गेले याचा पत्ताही लागत नाही. दुकानातून माणूस रिकाम्या हाताने परतला, तर निदान त्याची पाठ तरी दिसते.

प्रस्तुत अभ्यासक्षेत्र या न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी आहे. ते निघून जाण्याआधी त्याच्या जागी कोणाला बसवावे, त्याला काय विचारावे आणि त्याने सांगितलेल्यातले किती मनावर घ्यावे, एवढाच त्याचा विषय. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नांवर गेली तीस-पस्तीस वर्षे गंभीर काम झाले आहे. मराठीत मात्र त्याची ओळख डिझाइनच्या वर्गाबाहेर फारशी पोचलेली नाही.

आपल्याकडे नवी वेबसाइट पहिल्यांदा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. मावशी अंगठा पाठवते, भाचा ‘एक नंबर’ म्हणतो, डिझायनर बिल पाठवतो. हेतू सगळ्यांचा चांगला असतो, पण साइट कोणीच वापरून पाहिलेली नसते. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला आपल्या समाजात एकच सभ्य उत्तर आहे आणि ते देऊन माणसे मोकळी होतात. तेव्हा मावशीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिला कोणी खोली बुक करायला सांगितलेलीच नव्हती.

या विद्येचा पाया घातला गेला तेव्हा वेबसाइट ही वस्तू जेमतेम जन्माला येत होती. १९९० साली याकोब निल्सन आणि रोल्फ मोलिक या डॅनिश संशोधकांनी चार प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. ठरावीक कसोट्या हाती देऊन एकट्या परीक्षकाला एखादी संगणकीय प्रणाली तपासायला बसवले, तर त्याला सरासरीने २० ते ५१ टक्केच दोष सापडत होते. तीन ते पाच जणांचे निष्कर्ष एकत्र केले की मात्र चित्र बरेच भरत होते. यातली मेख अशी की प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे तपासायचे आणि मगच एकत्र बसायचे. पहिल्याने ‘रंग भडक आहे’ म्हटले की पुढचे सगळे रंगावरच बोलतात, हे ग्रामसभेत बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

पुढे १९९३ मध्ये निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी याला गणिताची जोड दिली. त्यातून पाच वापरकर्त्यांत सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात, हा आडाखा प्रसिद्ध झाला. त्यावर वादही झाला. २००१ साली जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी खरेदीच्या मोठ्या साइट तपासल्या, तर पहिल्या पाच जणांत ३५ टक्केच दोष सापडले. मोलिक यांनी १९९८ च्या सुमारास हॉटमेल ही एकच सेवा नऊ चमूंकडून वेगवेगळी तपासून घेतली. एकूण ३१० दोष निघाले आणि त्यांतले तीनचतुर्थांश फक्त एकेकाच चमूला दिसले होते. निष्णात मंडळींची ही गत, मग आपण कोणाचे ऐकावे? माझे मत असे की हा वाद मोठ्या साइटचा आहे. चौकच्या होमस्टेची साइट पाच पानांची असते आणि तिचे काम एकच असते, फोन वाजवणे. तिला पाच माणसे पुष्कळ झाली. ती पाच कोण, यावर सगळे अवलंबून आहे.

मराठी माणसाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत ग्रंथ शुद्ध छापण्याबद्दल ख्याती होती. तिच्यामागे काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या पंडितांची नजर होती. खिळे जुळवणाऱ्याने स्वतःच्याच जुळणीला ‘बरोबर’ म्हणून भागत नाही, हे तेथे गृहीत धरलेले होते.

आता त्या पाच जणांकडे येऊ. त्यांत दोन प्रकारची माणसे हवीत. समव्यावसायिकाचे मत म्हणजे आपल्यासारख्याच माणसाचे मत असे सरसकट समजले जाते, आणि गोंधळ तेथून सुरू होतो. आपल्यासारखा म्हणजे धंद्याने की गावाने? दोन्हींनी आपल्यासारखा असलेला माणूस सर्वांत कमी उपयोगाचा असतो. कारण जे आपल्याला दिसत नाही तेच त्यालाही दिसत नाही, आणि दिसले तरी तो आपला स्पर्धक असतो. त्याला दाखवूच नये असे नव्हे, पण तो काय बोलला नाही इकडेच जास्त लक्ष ठेवावे.

धंदा तोच पण गाव वेगळे, असा माणूस पहिला हवा. चौकच्या होमस्टेवाल्याने दापोलीच्या होमस्टेवाल्याला साइट दाखवावी. तो स्विमिंग पुलाच्या फोटोवर रेंगाळत नाही, कारण रोज फोनवर काय विचारले जाते हे त्याला पाठ आहे. दर माणशी की खोलीमागे? सात वर्षांच्या मुलाचे पैसे किती? दुपारी बाराला पोचलो तर खोली मिळेल का? शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी आहेत का? ड्रायव्हरची सोय काय? यांतल्या एखाद्याचे उत्तर पानावर नसेल, तर तो तेवढे बरोबर टिपतो. शिवाय त्याला चौक माहीत नाही, हाही फायदाच. ‘चौकापासून पाच मिनिटे’ हे वाक्य आपल्याला स्वच्छ वाटते. तो विचारतो, कुठला चौक? ‘कर्जतजवळ’ लिहिले असेल तर त्याला दोन कर्जत ठाऊक असतात, एक रायगडातले आणि दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले. ‘ता. खालापूर, जि. रायगड’ एवढे चार शब्द पहिल्या पानावर घालायला पैसे पडत नाहीत.

दुसरा माणूस गाव तेच पण धंदा वेगळा असा हवा. रोपवाटिकावाला चालेल, औषधाचा दुकानदार चालेल, रिक्षावाला तर उत्तमच. वाट चुकलेले पाहुणे रस्ता विचारायला त्यांच्याकडेच येतात. नकाशावरची खूण हमरस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडली आहे, हे त्यांनाच कळते. ‘जवळचे स्थानक चौक’ असे लिहिले असेल तर रिक्षावाला हसतो. मुंबईहून कर्जत लोकल पकडलेल्या पाहुण्याला कल्याणमार्गे येताना चौक लागतच नाही, ते पनवेलकडच्या मार्गावर आहे. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर मनाईहुकूम निघतात तेव्हा ‘धबधब्याखाली भिजण्याचा आनंद’ हे बॅनर उतरवायला हवे, हेही तोच आधी सांगतो.

आणि एक गोष्ट बाहेरचा डिझायनर कधीच सांगणार नाही. इर्शाळगडाचा हिरवा फोटो सुंदर दिसतो म्हणून तो ‘वीकेंड ट्रेक’ या मथळ्याखाली लावला जातो. त्याच डोंगराच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, आणि वाचलेल्यांनी चौकजवळ कंटेनरच्या घरांत दिवस काढले. त्या फोटोखाली काय लिहावे आणि काय लिहू नये हे कोणत्याही पाश्चात्त्य कसोटीत सापडत नाही. ते शेजाऱ्याला विचारावे लागते.

माणसे ठरली की विचारण्याची रीत. १९८० च्या दशकात अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी मोठ्याने विचार करायला लावण्याची पद्धत मानसशास्त्रात शास्त्रशुद्ध केली. क्लेटन लुइस यांनी ती आयबीएममध्ये संगणकाच्या पडद्यासाठी वापरली. आपल्या कामापुरती ती अशी: समोरच्याच्या हातात त्याचाच मोबाइल द्यायचा आणि सांगायचे, ‘पुढच्या शनिवारी चार मोठे, दोन मुले आणि एक आजी यायची आहेत, खर्च किती येईल ते काढा. मनात येईल ते बोलत राहा.’ त्यानंतर मालकाने तोंड बंद ठेवायचे. हे शेवटचे फार जड जाते. समोरच्याचा अंगठा बॅनरवरच्या नंबरावर जातो, काहीच होत नाही, पुन्हा एकदा आपटतो. नंबर फोटोतच छापलेला असल्यामुळे तो दाबून फोन लागत नाही. ‘अहो, खाली दुसरा आहे’ असे मालक बोलला की तपासणी संपली. गुरुवारी रात्री चिंचवडात सांगायला तो नसतो.

देवनागरीचा प्रश्न वेगळ्या अभ्यासाचा आहे, येथे त्याला स्पर्श करतो. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेला मजकूर तसाच साइटवर चिकटवला की वाचणाऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. म्हणून मग मजकुराचे चित्र करून लावले जाते आणि ते शोधात सापडत नाही. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ विंडोजबरोबर आला, पुढे ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ मोफत उपलब्ध झाला. आता या पळवाटेला सबब उरलेली नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान ४.५ : १ असावा, हा दंडक २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेत आहे. भाताच्या हिरव्यागार फोटोवर पिवळी अक्षरे टाकणाऱ्यांनी तो वाचावा, किंवा मोबाइल घेऊन भर दुपारी अंगणात उभे राहावे.

आलेला प्रत्येक अभिप्राय पाळायचा नसतो. ‘मी अडलो’ आणि ‘मला आवडले नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली एकाने केली तरी दुरुस्ती करावी. दुसरी तिघांनी केली तरी मालकाने आपल्या मनाने ठरवावे, साइट त्याची आहे.

हा विषय वाचून येत नाही, म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पुढचे प्रकरण उघडण्याआधी त्या पाचांतली निदान दोन नावे कागदावर लिहा, एक परगावच्या समव्यावसायिकाचे आणि एक गावातल्या परधंद्याच्या शेजाऱ्याचे. त्यांच्यापुढे ठेवायचे काम एका वाक्यात लिहा. ‘कशी वाटली?’ हे शब्द त्यात आले असतील, तर ते खोडून पुन्हा लिहा.