यंत्रांची हजेरी

जाल उभारणे आणि जाल राखणे या दोन भिन्न विद्या होत. पहिलीचा गौरव इतिहासग्रंथांतून होतो, दुसरीची नोंद फार तर दफ्तरातल्या एखाद्या वहीत राहते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे आर्पानेटवरचा पहिला संदेश निघाला, ‘लॉगिन’ या शब्दाची इंग्रजीतील दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली, ही हकीकत पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. परंतु पलीकडचे यंत्र जागे आहे की नाही, हा प्रश्न त्याच रात्री उपस्थित झाला, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

आरंभीच्या काळात या प्रश्नाचा बंदोबस्त एका मध्यवर्ती कचेरीकडे होता. जालाच्या प्रत्येक नाक्यावरची ‘इम्प’ नामक संदेशवाहक यंत्रे ज्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन कंपनीने बांधली होती, तिनेच मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे नियंत्रण केंद्र थाटले. प्रत्येक इम्पने ठराविक अंतराने आपली व आपल्याला जोडलेल्या तारांची कैफियत तेथे रुजू करावी, कैफियत न आल्यास यंत्र बंद पडल्याचे समजावे, आणि पाळीवरच्या माणसाने संबंधितांना टेलिफोनवरून वर्दी द्यावी, असा तो शिरस्ता होता. या व्यवस्थेत साक्ष देणारा आणि ज्याच्याविषयी साक्ष द्यायची तो, हे दोघे एकच होते.

असल्या साक्षीवर विसंबण्यातला धोका २७ ऑक्टोबर १९८० रोजी उघडकीस आला. इम्प यंत्रे आपल्या तारांची स्थिती केंद्राप्रमाणेच परस्परांनाही कळवीत असत. त्या दिवशी यंत्रातील बिघाडामुळे संदेशांतील काही बिट गळाले आणि ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाने निरनिराळ्या अनुक्रमांकांच्या तीन वार्ता जालात एकाच वेळी फिरू लागल्या. अनुक्रमांकांची रचना चक्राकार असल्यामुळे पहिलीहून दुसरी ताजी, दुसरीहून तिसरी ताजी आणि तिसरीहून पुन्हा पहिलीच ताजी, असा भ्रम उत्पन्न होऊन सगळी यंत्रे त्याच वार्ता पुढे ढकलण्यात गुंतून पडली. जालाचे क्षेमकुशल कळविण्यासाठी योजिलेल्या निरोपांनीच ते जाल कित्येक तास निकामी करून टाकले.

दरम्यान प्रश्न विचारण्याची दुसरी तऱ्हा आकाराला येत होती. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी नियंत्रण-संदेशांचा जो मसुदा सिद्ध केला, त्यात ‘एको’ची तजवीज होती: ज्या यंत्राकडे हा संदेश येईल त्याने तो जसाच्या तसा परत धाडावा, अधिक काही बोलू नये. १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर नव्या प्रोटोकॉलचा अंमल सुरू झाला. त्याच वर्षी जुलैत नॉर्वे येथील बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी एकोच्या प्रतिसादाच्या साहाय्याने मार्गातील विलंब मोजल्याचे सांगितले, आणि ते मेरीलँडमधील ॲबरडीन येथील लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांच्या ध्यानात राहिले. डिसेंबरात जालाची वर्तणूक विचित्र दिसू लागताच म्यूस यांनी एका संध्याकाळीच ‘पिंग’ लिहून काढले, आणि पाणबुडीच्या शोधासाठी पाण्यात सोडलेल्या नादावरून त्याला नाव दिले. मौज अशी, की त्यासाठी लागणारी सोय संचालनप्रणालीच्या गाभ्यात करून होईतो मूळ बिघाड एका सहकाऱ्याने दूरही केला होता.

पुढे एकदा केबलीतला लपंडावी दोष हुडकायचा असता एका जाल-व्यवस्थापकाने पिंगचे उत्तर एका लहानशा आज्ञेतून ध्वनियंत्राकडे वळविले. प्रत्येक उत्तरासरशी खोलीत ‘पिंग’ असा आवाज घुमे, आणि तो इमारतभर हिंडून एकेक जोड हलवून पाही. जेथे हात लावताच आवाज थांबे, तेथे दोष. एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती सोपविण्याची ही युनिक्सची परंपरा बेल प्रयोगशाळेत वाढलेली होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला होता, आणि नेमल्या वेळी नेमलेले काम करणारा क्रॉनही त्या आवृत्तीत होता.

पिंग, शेल व क्रॉन या तिहींच्या संयोगातून पहाऱ्याची जी स्क्रिप्ट घरोघरीच्या व्यवस्थापकांनी लिहिली, तिला कोणी एक कर्ता नाही. पत्त्यांच्या यादीची एक फाइल, त्यातील एकेका नावाला पिंग करणारे आवर्तन, पिंगने शून्य परत केले तर यंत्र हजर व अन्यथा गैरहजर हा निवाडा, गैरहजेरीची वर्दी ई-टपालाने धाडणारी एक ओळ, आणि दर पाच मिनिटांनी हे सारे पुन्हा करण्याची क्रॉनला ताकीद: एवढाच तिचा संसार. परंतु ती वापरणाऱ्यास १९८० चा धडा लहान प्रमाणावर पुन्हा गिरवावा लागे, कारण रात्रभर बंद राहिलेले एकच यंत्र सकाळपर्यंत टपालपेटी भरून टाकी. म्हणून मागील स्थिती लिहून ठेवावी व बदल झाला तरच कळवावे. एखादे पॅकेट वाटेत हरवणे स्वाभाविक असल्याने लागोपाठ दोन-तीन वेळा उत्तर न आल्याखेरीज बोभाटा करू नये. आणि वाटेवरचा राउटर पडला असता त्यामागचे प्रत्येक यंत्र मृत दिसते, सबब प्रथम राउटरचीच विचारपूस करावी, असे नियम अनुभवाने रूढ झाले.

आपल्याकडे शिक्षण-संशोधन संस्था जोडण्यासाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व आयआयटी या संस्था होत्या. तेथील आरंभीचे ई-टपाल टेलिफोन लावून ठरल्या वेळी पोहोचविले जाई, त्यामुळे या क्षणी यंत्र हजर आहे काय, हा प्रश्न कायमच्या जोडण्या आल्यावरच खऱ्या अर्थाने निकडीचा झाला.

पुढे साधने वाढली: १९८८ च्या एसएनएमपी प्रोटोकॉलने विचारपूस आणि स्वतःहून दिलेली वर्दी या दोन्ही तऱ्हा एकत्र आणल्या, आणि १९९९ मध्ये एथन गालस्टाड यांची नेटसेंट ही प्रणाली निघाली, जी नंतर नागिओस या नावाने प्रसिद्धीस आली. तथापि साधन कितीही थोर असले तरी मूळ प्रश्नाची मर्यादा सुटत नाही. पिंगला उत्तर देतो तो संचालनप्रणालीचा गाभा. वर चालणारा डेटाबेस केव्हाच गतप्राण झालेला असला तरी गाभा इमानाने ‘हजर’ म्हणतो, आणि उलट कित्येक फायरवॉल असा प्रश्न दारातच अडवितात. म्हणून उत्तर हा प्रकृतीचा दाखला नव्हे आणि मौन हा मृत्यूचा पुरावा नव्हे, हे ज्याला उमगले त्याच्याच हाती ही दहा ओळींची स्क्रिप्ट शोभते. तिची थोरवी इतकीच, की ती एका बैठकीत वाचून होते व तिचा प्रत्येक निवाडा तपासता येतो. मात्र ज्या यंत्रावर ती चालते त्याची हजेरी दुसऱ्या एखाद्या यंत्राने घेतलीच पाहिजे; कारण पहाराच बंद पडला, तर वर्दी न येणे आणि सर्व कुशल असणे यांत तिळमात्र फरक उरत नाही.