रॉक मशीनची गोड गाणी

रॉक मशीन हे नाव ऐकलंय का? इंडस क्रीड म्हटलं तर कदाचित ट्यूब पेटेल. बँड एकच, मुंबईचा, १९८४ साली जमलेला. पुढे गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डला झुबिन बालापोरिया.

त्या काळी इंग्रजी बँडने कॉलेज फेस्टमध्ये परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची, हाच रिवाज. आमच्या कोहमाऱ्याकडे, झाडीपट्टीत, मंडईच्या रात्री नाटकात ऑर्गन वाजतो आणि आवडलेल्या गाण्याला वन्समोअर पडतो. मुंबईच्या रॉकवाल्याला मात्र वन्समोअर मिळायचा तो दुसऱ्याच्या गाण्याला! अशा पब्लिकसमोर स्वतःची गाणी वाजवायची म्हणजे डेअरिंगच. १९८८ मध्ये त्यांनी 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला.

पण माझा लाडका १९९० चा 'द सेकंड कमिंग'. 'टॉप ऑफ द रॉक' ऐका, गिटार नुसती दणदणतेय. आणि त्याच अल्बममध्ये 'प्रिटी चाइल्ड'. चाल इतकी गोड की भांडी घासतानाही गुणगुणता येते, पण गिटार आहेच, गोडवा चिकट होऊ देत नाही. साउंड बॉन जोवीच्या जातकुळीचा आहे असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. चाली मात्र यांच्याच.

गंमत म्हणजे 'मशीन' नाव लावून फिरणाऱ्यांना साता समुद्रापार नेलं ते याच गोड गाण्याने. १९९३ मध्ये 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं. त्याच सुमारास बँड इंडस क्रीड झाला. मला विचाराल तर जुनं नाव या गाण्यांना कधी शोभलंच नव्हतं.

१९९५ ला नव्या नावाचा अल्बम आला. नेमकी तीच वेळ इंडिपॉपची. अलिशाचं 'मेड इन इंडिया' त्याच वर्षीचं. स्वतःची गाणी ऐकायला पब्लिक तयार झालं होतं हो, पण हिंदीत! १९९७ ला बँड फुटला. तेव्हा मी पाळण्यात होतो.

२०१० मध्ये मंडळी पुन्हा जमली. २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' जास्त गुंतागुंतीचा, गाणी लांबलचक, मिक्सिंग टिम पामरचं. वादन जबरदस्त आहे. पण त्यातलं एकही गाणं मला भांडी घासताना आठवत नाही.