श्रमबल सर्वेक्षण, सिंगापूर

देशातील रोजगार व बेरोजगारी मोजणारी कुटुंबनिहाय नमुना पाहणी. पहिली पाहणी १९७४ मध्ये झाली. आंग मो किओसारख्या उपनगरांतील सरकारी सदनिकांतील कुटुंबेही नमुन्यात निवडली जातात. पाहणी मनुष्यबळ मंत्रालय करते. १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींना ठरावीक आठवड्यातील कामाबद्दल विचारतात. पूर्वी प्रगणक दारोदार जात. आता बहुतेक माहिती ऑनलाइन किंवा फोनवर मिळते, घरभेट गरजेपुरतीच उरली आहे.

माध्यमापेक्षा कोणाला मोजायचे, हा प्रश्न मोठा आहे. प्रसिद्ध होणारे मुख्य आकडे नागरिक व कायम रहिवासी यांचेच असतात. त्यामुळे आंग मो किओतील एकाच मजल्यावरच्या दोन मराठी घरांपैकी कायम निवासाचा परवाना असलेले घर त्यांत येते, नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर राहणारे येत नाही. बांधकाम मजुरांची वसतिगृहेही पाहणीबाहेर राहतात. शहर ज्यांनी बांधले, तेच या चित्रात नसणे ही गंभीर उणीव आहे.

तुलनेसाठी, भारतात १९७२-७३ पासून साधारण पाच वर्षांनी मोठी रोजगार पाहणी होई. २०१७ मध्ये नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सुरू झाले. जानेवारी २०२५ पासून त्याचा नमुना वाढवला गेला, ग्रामीण कुटुंबांनाही पुन्हा पुन्हा भेटी सुरू झाल्या आणि एप्रिल २०२५ पासूनचे मासिक अंदाज मिळू लागले.